स्वयंपाकघर टाळून गेलेली वायर

हर्सूलला घरमालकांच्या वरच्या खोलीत मी आणि माझा मित्र भाड्यानं राहायचो. खालच्या राउटरची रेंज वर येत नव्हती आणि कॉलेजचा प्रोजेक्ट त्याच दिवशी अपलोड करायचा होता. आमचे कॉम्प्युटर त्या राउटरला वायरनं जोडायला घरमालक काका तयार झाले. सगळ्यात जवळचा रस्ता त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून होता. मी वायर घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "गावी, देवगाव रंगारीत, घर कुठं रे तुमचं?"

"बुद्धविहाराच्या मागं, काका."

ते म्हणाले, "असं कर, किचनमधून नको. मागच्या संडासाच्या पाइपांवरून ने."

तिथं कबुतरांची विष्ठा साचली होती आणि पाइप गळत होते. वायर ओढताना ती घाण माझ्या कोपरापर्यंत आली. मला ओकारी येत होती. ती नुसत्या घाणीमुळं नव्हती, हे सांगायला अजूनही अवघड जातं.

प्रोजेक्ट वेळेत गेला. मित्र ओरडला, "लई भारी स्पीड आहे राव!" मी साबणानं हात घासत होतो. खालून काकांनी विचारलं, "आलं का नेट?"

"आलं," मी म्हणालो. पुढं 'काका' म्हणवेना.