बर्फाच्या खोलीतला दुसरा कागद

आधीच सांगून टाकतो — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या नागावच्या वाडीत दिवेलागणीनंतर विहिरीकडे जायचं नाही असा दंडक होता, तेव्हा मी मुद्दाम जायचो. (बॅटरी घेऊन आणि मोठमोठ्यानं गाणं म्हणत, हे वेगळं.) सगळं आयुष्य कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात गेलं. या धंद्यात कितीही अगम्य घडलं तरी शेवटी एखादी वायर सैल निघते, नाहीतर मीच काहीतरी चुकीचं दाबलेलं असतं. बहुतेक वेळा दुसरंच.

तर हे घडलं नारळी पौर्णिमेला, थळला, भर दुपारी. माझ्या बायकोचा — माधवीचा — धाकटा भाऊ संदीप, त्याचा तिथे बर्फाचा कारखाना आहे. पौर्णिमा झाली की होड्या समुद्रात जातात आणि दुसऱ्या दिवसापासून बर्फाला नुसती झुंबड. कुठल्या होडीला किती लाद्या, त्याची चिठ्ठी ऑफिसातल्या प्रिंटरवर निघते. आणि नेमकं ते छापणं बंद पडलेलं.

"भावोजी, वाडीचे नारळ घेऊन येताच आहात तर जरा बघून जा," संदीप फोनवर म्हणाला. "पण नुसतं बघा हं. मागच्या वेळी तुम्ही दुरुस्त केलंत आणि दोन दिवस काही चालत नव्हतं."

त्याच्याकडचा सर्व्हर मीच बसवलेला. म्हणजे सगळ्यांच्या फायली ज्यावर राहतात आणि छापायचं काम ज्याच्यातून जातं तो कॉम्प्युटर. त्याचं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर मी मूळ कोड आणून स्वतः कंपाइल केलं होतं, म्हणजे त्या कोडमधून चालणारा प्रोग्राम स्वतः बनवला होता. लोक सहसा सगळं सेटिंगच्या फाइलमध्ये लिहितात. पण ती फाइलच कोणी पुसली तर? म्हणून मी काही गोष्टी कंपाइल करतानाच आत घालून ठेवल्या, भाकरीच्या पिठात मीठ घालावं तशा. नंतर निवडून काढता येत नाहीत. एक म्हणजे ऑफिसातल्या प्रिंटरचा पत्ता. दुसरं म्हणजे, प्रत्येक कागदावर वर पाठवणाऱ्याचं नाव छापायचं आणि नाव न सांगता कोणी काही पाठवलं तर तिथे PAHUNA छापायचं. त्या शब्दावर मी तेव्हा जाम खूश होतो.

हा सर्व्हर ठेवलाय जुन्या कोल्ड रूममध्ये, कारण "कॉम्प्युटरला गार लागतं ना?" असा संदीपचा युक्तिवाद. चारी बाजूंना गारवा धरून ठेवणाऱ्या बुचाचा जाड थर आणि पत्रा, वीतभर जाडीचं दार, बाहेरून मोठा खटका. अशा दाराला आतून ढकलायला एक दांडा असतो — चुकून कोणी अडकलं तर बाहेर पडता यावं म्हणून. आम्ही दोघांनी तो दांडा काढून त्याच भोकातून नेटवर्कची वायर बाहेर नेली. भिंतीला नवीन भोक पाडायचं वाचलं!

त्या दुपारी माधवी आणि मी पोचलो, आणि मी थेट आत जाऊन बसलो. बिघाड काही सापडेना. म्हटलं, जरा जुन्या फायली साफ करू... आणि सेटिंगची चालू फाइल पुसून टाकली. जुनी नव्हे, चालू.

मी डोक्याला हात लावून बसलेला असतानाच मागे आवाज झाला. खट्.

बर्फवाल्या माणसाला कोल्ड रूमचं दार किलकिलं दिसलं की त्याचा हात आपोआप जातो. तसा संदीपचा गेला. त्याला वाटलं, भावोजी माधवीबरोबर किनाऱ्यावर पुढे गेले. माधवीला वाटलं, हे संदीपबरोबर येतील. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की दार उघडत नाही.

ओरडलो. लाथा मारल्या. त्या खोलीत आवाज घुमतच नाही, तोंडातून निघतो आणि बुचात मुरतो. मशीनवर एक माणूस होता, पण मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरच्या धडधडाटात. मोबाइलला रेंज नाही. आमच्या घरी माझी आठवण होते ती पानं घेताना, म्हणजे रात्री. आणि भिंतीवरचा एसी आतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरून नवीन आणत नाही, ही माहिती मला नेमकी तेव्हाच आठवायला हवी होती का? मी जोरजोरात श्वास घ्यायला लागलो. मग वाटलं, आपण हवा उधळतोय. मग श्वास रोखला... तर ते त्याहून वाईट. दाराच्या रबरी कडेला नाक लावून ओणवा उभा राहिलो. तिथूनही काही येत नव्हतं.

तेवढ्यात त्या भोकातली वायर दिसली. या खोलीतून बाहेर जाणारी ती एकच गोष्ट!

सेटिंग मी पुसलं होतं, पण पिठातलं मीठ कुठे जातं? सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. फाइल न सापडल्यामुळे तो माझ्या जुन्या, आत घातलेल्या गोष्टींवर मुकाट उभा राहिला. छापण्यातला बिघाड बहुधा त्या पुसलेल्या फाइलमध्येच होता. त्या दिवशी मला माझं खरंच कौतुक वाटलं. मग टाइप केलं — MI COMPUTERCHYA KHOLIT ADAKLOY. DAR UGHDA. आणि पाठवून दिलं.

पडद्यावर रांगेत दोन कामं दिसली. म्हटलं, बोट दोनदा पडलं. दोन्ही छापून झाली असंही पडद्यानं सांगितलं. पण ऑफिसात कोण होतं वाचायला? मी जमिनीवर बसलो. भिंतीला पाठ लावून. डोळे मिटले की माधवीच दिसत होती, आणि ती नाराज होती.

मग खटका वाजला.

दारात संदीप, नवा सदरा घातलेला, एका हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. किनाऱ्यावर मिरवणुकीत न्यायचा तो नारळ हा पठ्ठ्या ऑफिसातच विसरला होता, म्हणून बहिणीला गाडीत घालून परत आला होता. मी त्याच्या गळ्यातच पडलो. पण तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता.

"दुसरं कोण आहे?"

"कोण दुसरं? मी एकटाच."

"भावोजी, थट्टा नका करू." त्यानं प्रिंटरवरचे दोन कागद माझ्या हातात दिले. पहिला माझा, वर माझं नाव. दुसऱ्यावर नावाच्या जागी PAHUNA, आणि खाली दोनच शब्द —

MI SUDDHA.

तोवर माधवी गाडीतून उतरून आली. "अहो, इथे काय करताय? आणि तोंड असं काय झालंय?" तिनं कागद वाचले. आम्ही तिघं ऑफिसात गेलो. तिथे प्रिंटर तेवढा चालू, कॉम्प्युटर भिंतीवरच्या बटणापासून बंद. खोलीतला कीबोर्ड एकच, आणि त्याच्यासमोर फक्त मी. पुढे घरी येऊन मी तो सगळा कोड चाळला. असं वाक्य मी कुठे आत घातलं नव्हतं. मी न घातलेलं त्यातून निघेल कसं? संदीपला विचारलं, इथे पूर्वी कोणी अडकलं होतं का? "आमच्या वेळेत नाही. आधी दुसऱ्याचा होता कारखाना. तेव्हाचं कोण सांगणार?"

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं शेवटचं.

निघताना संदीप त्या दाराशी गेला, खटक्याला हात घातला आणि थांबला.

"ताई... लावू?"

माधवी पुढे झाली. आत ट्यूबलाइट, टेबल, खुर्ची, दुसरं काही नाही. आत खरंच कोणी ताटकळत बसलं असावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "आम्ही निघालोय हं. तुम्हीही या बाहेर."

मी बघतच राहिलो.

"माझ्याकडे काय बघताय? दारात उभे आहात तुम्ही. सरका."

मी सरकलो. संदीपही भिंतीला चिकटला, नारळ छातीशी धरून. किनाऱ्याकडून बेंजोचा आवाज येत होता. काही दिसलं नाही, वारा नाही, वास नाही... खरंच काही नाही. मी शपथेवर सांगतो.

मग माधवी म्हणाली, "लाव आता."

संदीपनं दार लावलं.

सर्व्हरबद्दल विचाराल तर वाटेल तेवढं सांगेन. त्या दुसऱ्या कागदाचं स्पष्टीकरण मात्र माझ्याकडे नाही. आणि दार आता लावलं तर चालेल, हे माधवीला कसं कळलं, ते तिला विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.