हवा, ब्रेक, हँडल

ही गोष्ट आमच्या घरात कोणालाही ठाऊक नाही. मुलीला नाही, मेहुण्याला नाही आणि जिला ती सर्वांत आधी कळायला हवी होती त्या माझ्या पत्नीला — सुमनला — तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात, तर बहुधा तुम्हालाही सांगितली नसती.

मी निवृत्त शिक्षक आहे. नाशिकच्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवले. आधी व्याख्या, मग आकृती, शेवटी उदाहरण — ही माझी पद्धत. ही गोष्टही मी मनात कितीदा तरी याच क्रमाने मांडली आहे. पण दर वेळी आकृतीपाशी अडतो. उदाहरण आले की फळ्याकडे पाठ फिरवावीशी वाटते. आज फिरवणार नाही — असे म्हणतो खरा.

तर, सायकल. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाताना शिरस्त्राण घातलेली माझ्याच वयाची माणसे सुसाट जाताना दिसत आणि मलाही वाटू लागले की आपण का नाही? सुमनला घेऊन दुकानात गेलो. जाड टायरांची, गिअरची, पुढे दणके झेलणारे स्प्रिंग असलेली — माउंटन बाईक म्हणतात ती — हवी होती. पण दुकानातली सर्वांत स्वस्त. दुकानदार हसून म्हणाला, “सर, घ्या बिनधास्त. फक्त नावात माउंटन आहे म्हणून ब्रह्मगिरीवर नेऊ नका हं.”

सुमन म्हणाली, “ब्रह्मगिरी राहू द्या. आमच्या जिन्यावरून वर नेली तरी मी यांना ओवाळीन.”

नेली. मात्र ठेवायची कुठे? खाली ठेवली तर चोरीची भीती, आणि आमच्या घरातला बोळ अरुंद. त्यावर मी एक युक्ती काढली, आणि ती मला फार आवडली. सायकलचे हँडल ज्या दांड्यावर बसते, त्या दांड्याच्या माथ्यावर एक बोल्ट असतो. तो सैल केला की हँडल चाकाला न हलवता नुसतेच फिरते. रोज संध्याकाळी मी तो बोल्ट सैल करी, हँडल आडवे फिरवून भिंतीला समांतर करी. सकाळी पुन्हा सरळ करून किल्लीने आवळी. सायकल भिंतीला पाल चिकटावी तशी चिकटून राही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे कौतुकाने दाखवत असे.

हा बोल्ट लक्षात ठेवा. मी वर्गातही असेच म्हणत असे — हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सायकल मी माझ्यासाठी घेतली होती, पण तिच्यावर जीव जडला सुमनचा. तिचे माहेर दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागांच्या गावात. तिच्या धाकट्या भावाला, बाळूला, शाळेसाठी सायकल मिळाली, हिला नाही. मुलीच्या जातीला कशाला, असे वडील म्हणाले. मग ही सायकलमागे कॅरिअर धरून धावे आणि बाळू मुद्दाम जोरात पेडल मारी. हे ती हसत सांगायची. इतक्या वर्षांच्या संसारात ते हसणे मी कधी नीट ऐकले होते का? नसावे. कारण एक दिवस “मला शिकवाल का?” असे तिने विचारले, तेव्हा मला नवलच वाटले.

शिकवले. खरोखर चांगले शिकवले, एवढे म्हणण्याचा मला अधिकार आहे. मखमलाबादकडच्या मळ्यांच्या रस्त्यावर सकाळी सायकल हातात धरून जायचो. बसण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या, हा नियम मी घालून दिला — हवा, ब्रेक, हँडल. टायर अंगठ्याने दाबून पाहायचे. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची. आणि पुढचे चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल वळवून पाहायचे. ते चाकाला न जुमानता फिरले तर बसायचे नाही. ती दर वेळी मोठ्याने म्हणे, “हवा, ब्रेक, हँडल,” आणि शाळेतल्या मुलीसारखी माझ्याकडे बघे. पंचावन्न उलटल्यावर ती सायकल शिकली. पहिल्यांदा मी मागून हात सोडला आणि ते तिला कळलेही नाही, त्या दिवशी ती परत फिरून आली तेव्हा तिचा चेहरा — नाही, तो चेहरा मला शब्दांत आणता येणार नाही. येत असता तरी आणू नये. तो मीच पुसला आहे.

तिने ठरवले की सायकलवर माहेरी जायचे. मी मागून स्कूटरवर. बाळूला फोन केला तर तो गडगडाटी हसला. “आक्का, तू सायकलीवर येणार? लय भारी! ये तर खरी, येशीवर हार घेऊन उभा राहतो. नाय आलीस तर तोच हार बैलाला घालीन.”

“बैलाला कशाला, तूच घालून घे. फरक नाही पडायचा,” ही म्हणाली.

आता ती माहेरी निघायची सकाळ.

आदल्या संध्याकाळी हँडल फिरवून ठेवले होते. सकाळी ते सरळ केले, बोल्ट हाताने थोडा फिरवला — आणि फोन वाजला. मुलीचा होता. बोलत बोलतच सायकल जिन्यावरून खाली आणली. किल्ली खिशात होती. आवळायचे राहिले. इथवर ती चूक होती. चूक कोणाकडूनही होते. तेवढेच असते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

मळ्याच्या रस्त्यावर, पाटाच्या पुलाशी आम्ही थांबलो. तिथून उतार लागतो. सुमनने टायर दाबला. ब्रेक पाहिले. मग ती सायकलसमोर आली आणि चाक गुडघ्यांत धरण्यासाठी वाकली. नेमके त्याच वेळी माझे दोन जुने सहकारी फिरायला आले होते, पुलाच्या कठड्याशी उभे होते. त्यांच्यातला एक म्हणाला, “काय सर, वहिनींचं सर्व्हिसिंगचं दुकान काढताय का?”

दोघे हसले. साधी थट्टा होती. पण मी तिच्याकडे त्यांच्या डोळ्यांनी पाहिले — नवा पंजाबी ड्रेस, डोक्यावर माझे शिरस्त्राण, गुडघे फाकवून सायकलचे चाक धरायला वाकलेली एक वयस्कर बाई — आणि मला लाज वाटली. तिची. जे मीच शिकवले होते, त्याची.

मी म्हणालो, “चल, चल. हँडल मी पाहिलंय.”

पाहिले नव्हते.

ती सरळ उभी राहिली. माझ्यावर विश्वास ठेवून सायकलवर बसली. उतारावर समोरून ट्रॅक्टर आला, तिने अगदी वेळेवर, अगदी मी शिकवले तसे, हँडल डावीकडे वळवले. हँडल वळले. चाक सरळच गेले.

ती हातावर पडली. स्कूटर पुलाशीच सोडून धावत मी तिथे पोहोचलो — आणि आता नीट वाचा, कारण हेच ते उदाहरण. मी आधी तिच्याकडे गेलो नाही. सायकल उचलली. हँडल फिरून चाकाला समांतर झाले होते, कोणाच्याही लक्षात आले असते. मी पुढचे चाक माझ्या दोन गुडघ्यांत धरले — होय, तसाच वाकून, त्याच लोकांसमोर — हँडल सरळ केले, खिशातून किल्ली काढली आणि बोल्ट आवळला. शेजारच्या झेंडूच्या शेतातून फुले खुडणारी एक बाई पळत आली होती. सुमनचे डोके तिने मांडीवर घेतले होते. ती माझ्यावर ओरडली, “आवो बाबा, आधी बाईला बघा ना! सायकल काय पळून चाललीय का?”

लोक हसले. तुम्हाला खरे सांगू? मीही हसलो.

मनगट मोडले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, कशा पडलात? सुमनने एखाद्या हुशार विद्यार्थिनीने सांगावे तसे नेमके सांगितले, “मी हँडल वळवलं, पण चाक वळलंच नाही हो.” एका वाक्यात संपूर्ण सत्य. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “तोल गेला की तसंच वाटतं.” आणि तेवढ्यावर थांबलो नाही. गुरुत्वमध्य म्हणजे काय, तो आधाराच्या बाहेर गेला की शरीराला दिशेचा भ्रम कसा होतो, हे मी त्या दोघांना समजावून सांगितले. हवेत बोटाने आकृतीसुद्धा काढली. आयुष्यभर ज्या विद्येवर पोट भरले, ती मी तिथे खोटी साक्ष द्यायला उभी केली. डॉक्टरांनी मान डोलावली. सुमनने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “असेल. तुम्हाला माहीत.”

त्यानंतर तो शब्द आमच्या घरात राहायलाच आला. तोल. प्लास्टर निघाले, हात बरा झाला, पण ती म्हणू लागली, “माझा तोलच नाही.” स्टुलावर चढणे सोडले. गोदावरीवर गेलो तर घाटाच्या पायऱ्या उतरेना. एकदा तर कान तपासून आली, कोणीतरी सांगितले की कानात दोष असला की तोल जातो. दोष निघाला नाही. त्याने तिला हायसे वाटले नाही, उलट ती जास्तच खचली — कारणही नाही आणि तरी पडले, म्हणजे मीच अशी. त्या दिवशी तिच्यासोबत कानाच्या डॉक्टरांकडे मीच गेलो होतो. बाहेरच्या बाकावर बसून होतो. तेव्हा का नाही बोललो? एक वाक्य होते फक्त.

माहेरी सायकल गेली, पण ती घेऊन मी गेलो. तीच म्हणाली, “तुम्ही तरी जा. निदान ती तरी पोहोचू दे.” ती पिशवी घेऊन एसटीने आधी गेली. मी दमत, थांबत पोहोचलो, तर वेशीवर बाळू उभा, शेजारी सुमन. बाळूने झेंडूचा हार आणलाच होता. “आले का दाजी! आक्काचा हार तुमच्या नशिबी. घाल गं आक्का, बैल नाय तर नवरा, कोणालातरी घालायचाच हाय.” सगळे हसले. सुमनने दोन्ही हात वर करून हार माझ्या गळ्यात घातला. मोडलेल्या मनगटाचा हात अजून पुरता वर जात नव्हता, म्हणून मी मान खाली घातली. लोकांना वाटले, नम्रपणे.

“तुमचा तोल चांगला आहे हं,” ती म्हणाली. मनापासून.

सायकल आजही आमच्या बोळात आहे. आता मी हँडल फिरवून ठेवत नाही. ते आडवे येते, सुमनला अंग चोरून जावे लागते. एकदा तिने विचारले, “अहो, पूर्वी हँडल वळवून ठेवायचात ना?” मी म्हणालो, वारंवार फिरवले की बोल्ट झिजतो. तिने मान हलवली आणि अंग चोरून स्वयंपाकघरात गेली.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. रोज संध्याकाळी आम्ही खाली फिरायला जातो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबते, डावा हात पुढे करते आणि माझा हात घट्ट धरते — पडू नये म्हणून.