नायकांची दुनळी

बँक बंद व्हायची वेळ झाली की ते दाराची जाळी ओढून घ्यायचे. मग बंदुकीचा खटका दाबून ती मधोमध वाकवायचे, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकायचे आणि रिकाम्या नळ्या ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटून आत पाहायचे. "खाली हाये," असं मोठ्यानं म्हणायचे. ऐकायला मी एकटीच उरलेली असले तरी म्हणायचे.

मी अमरावतीच्या त्या शाखेत कॅशियर होते आणि ते आमचे गार्ड. असा गार्ड तुम्हीही पाहिला असेल. खरं तर पाहिला नसेल. दाराशी स्टुलावर कोणीतरी खाकीतलं बसलेलं असतं एवढंच आपल्याला माहीत असतं.

फौजेतून सुटल्यावर त्यांनी परवाना काढला आणि बारा बोअरची दुनळी घेतली. स्वतःची बंदूक असलेल्याला तेव्हा गार्डची नोकरी लवकर मिळे. खातेदार त्यांना सुभेदार म्हणत आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करत. "सुभेदार नाई जी, नायक. नायकावरच पेन्शन झाली." शेवटी आम्ही सगळे त्यांना नायकच म्हणायला लागलो. पुण्याहून बदलून आलेल्या मॅनेजरांना पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काहून इतक्या उशिरा आले बापा?" साहेबांना वाटलं, गार्ड भांडायला उठला. नायकांना मात्र साहेबांचा चहा गार झाल्याचं वाईट वाटत होतं.

आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या बाईचा नवरा एकदा दारू पिऊन कुऱ्हाड घेऊन आला. बाई धावत येऊन माझ्या टेबलामागे लपली. नायक दारात आडवे उभे राहिले, बंदुकीची नळी जमिनीकडे करून. मॅनेजर मागून म्हणत होते, "अहो, उचला ना ती बंदूक."

"तुमी आत बसा साहेब," ते मान न वळवता म्हणाले. मग त्या माणसाला विचारलं, "पानी पितं का रे?"

तो शिव्या देत राहिला. हे तेच विचारत राहिले, घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं. शेवटी तो पायरीवर बसला आणि रडायला लागला. नायकांनी कुऱ्हाड पायानं बाजूला सारली आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

संध्याकाळी मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. म्हून तर उचलली नाई. भेलेल्या मानसाच्या हातात बंदूक लय वाईट, म्याडम."

आमचं निवृत्त होणं थोडं पुढंमागं झालं. बडनेरा रोडकडे त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. येणंजाणं राहिलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बोलायला कमी, पण ज्वारीची भाकरी आणि ठेचा समोर ठेवल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. नायक आता विसरायला लागले होते. एकदा त्यांनी माझ्या यजमानांची तब्येत विचारली. यजमानांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या अंत्ययात्रेत नायक स्वतः खांदा द्यायला होते. मी "बरे आहेत" म्हणाले.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "म्याडम, बंदूक काढून टाकाची हाये. तुमची गाडी भेटन का?"

"इतकी घाई?"

"आता इसरते मले. घरात नको."

बंदूक काही जुन्या सायकलीसारखी विकता येत नाही. घेणाऱ्याकडे परवाना हवा, विकण्याआधी कलेक्टर कचेरीत कळवायला हवं, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा ठेवता येते. मुलाच्या नावावर करायचा रस्ताही होता. मुलगा पुण्याला. तो फोनवर नीटच बोलला. "बाबा, माझ्या घरात लहान मुलं आहेत. मी कुठं ठेवू?" नायक म्हणाले, "बरोबर हाये तुहं."

कचेरीत अर्ज दिला त्याच दिवशी तिथंच गिऱ्हाईक मिळालं. त्यांच्याच गावचा, पाटलाचा नातू. रानडुकरं शेतात शिरतात म्हणून त्याला परवाना मिळालेला, आणि तो बंदूक शोधतच होता. पोरगा वाकून पाया पडला. म्हणाला, "आजोबा, तुमची बंदूक मी जपून वापरीन." नायकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "तुले नाई देत बापू. राग नको मानू."

तो गेल्यावर आम्ही कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली बसलो. मी काही विचारलं नव्हतं.

"माहा बाप कोतवाल होता," ते म्हणाले. "पाटलाच्या दारात काठी घेऊन उभा राहे. उन्हात, पान्यात. घरात जायचं नाई, ओसरीवर टेकायचं नाई. बंदूक घेतली तवा मी पयले त्याच्या हातात देली. त्यानं हात फिरवला अन म्हने, आता आपल्या दारात उभा राय." त्यांनी मांडीवर ठेवलेल्या बंदुकीवरून हात फिरवला. "थो पोरगा सरळ हाये. त्याचा काय दोष? पन माह्यानं होत नाई."

बंदूक घरी परत न्यायला मात्र ते तयार नव्हते. अमरावतीत जमा करता आली असती, पण त्यांना जिथून ती घेतली त्याच अकोल्याच्या दुकानात ठेवायची होती. आम्ही तसेच निघालो. मूर्तिजापूरच्या पुढं ऊन नुसतं भाजत होतं. बंदूक गवसणीत, मागच्या सीटवर. ते आरशातून तिच्याकडे पाहत होते. दुकानदारानं जमा केल्याची पावती दिली आणि म्हणाला, "चांगला माणूस पाहून देतो, काका."

चांगला माणूस मिळाला, पण उन्हाळा जाऊन थंडी आली होती. फौजेतून नुकताच सुटलेला मूर्तिजापूरकडचा एक जवान. परवाना होता, गार्डची नोकरी ठरली होती, बंदूक हवी होती. तोवर नायकांच्या आठवणीतलं बरंच काही गेलं होतं. रोज फिरायला जायचे तो रस्ता गेला होता, नातवंडांची नावं गेली होती.

दुकानात त्यांच्या हातात दुनळी दिली, तेव्हा मात्र पाठ ताठ झाली. त्यांनी ती वाकवली, उजेडाकडे धरून पाहिली आणि त्या जवानाला समजावून सांगायला लागले. तेल किती लावायचं, पावसाळ्यात नळीतून साफसफाईचा गज कसा फिरवायचा, डावा घोडा थोडा कडक आहे म्हणून अंगठा कुठं ठेवायचा. एक शब्द अडला नाही. जवान "हो साहेब, हो साहेब" म्हणत ऐकत होता. दुकानदारानं परवान्यांवर नोंदी केल्या. नायकांच्या परवान्यावर शेवटचा शिक्का बसला.

बाहेर येऊन गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्याडम, आपन इथी कायले आलो होतो?"

मी म्हणाले, "काम होतं थोडं. झालं."

पुढं ते रोज बंदूक विचारत. काकू सांगत, "तुमी सुट्टीवर हा. बंदूक ब्यांकेत हाये." त्यांना ते पटायचं. एखाद्या दिवशी म्हणायचे, "सुट्टी लय लंबी झाली."

ते गेल्यावर तो जवान भेटायला आला होता. मी तिथंच होते. काकूंनी त्याला विचारलं, "बंदूक कोनावर उचला लागली का रे?"

"नाही काकू."

"थ्यायनंही कधी नाई उचलली," त्या म्हणाल्या. "एकडाव उचलली. माह्यावर."

जवानानं हातातला पेला खाली ठेवला.

"पहाटे मी अंगनातून पान्याचा गुंड घेऊन आत आली. थे म्हने, कोन हाये? मी म्हटलं, मी हावो. त्यायले वळखूच नाई आली. बंदूक हातात. भेले होते लय. मी गुंड खाली ठेवला, तशीच उभी राह्यली. नाव सांगतलं, पोराचं नाव सांगतलं. मंग हात खाली आले. बसले अन लेकरावानी रडले." काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "उजाडल्याबरोबर तुमाले फोन केला. मले म्हने, हे सांगजो नोको. म्याडम काय म्हनतीन."