सासूबाईंचा कोरडा दिवस

फ्रिस्कोच्या आमच्या घरात लेकीनं काचेच्या पेटीत पेरू देशातल्या जातीचे नखाएवढे बेडूक पाळलेत. पेटीत अननसासारखं एक झाड आहे. त्याच्या पानांच्या बेचक्यांत पाणी साठतं.

नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी ते पाणी पाहिलं आणि फडक्यानं टिपून काढलं. डेंग्यूच्या धास्तीनं तिकडे त्या दर आठवड्याला कोरडा दिवस पाळतात, साठलेलं सगळं पाणी ओतून टाकतात.

लेक किंचाळली, "आजी, दॅट्स देअर नर्सरी!"

अंडी वेगळ्या पानावर होती म्हणून वाचली, पण पिल्लं वाढतात त्याच पाण्यात. तिनं ते पुन्हा भरलं.

काही दिवसांनी सासूबाईंनीच आम्हाला हाका मारल्या. बेडूकबाबा पाठीवर पिल्लू घेऊन त्या पाण्याकडे चढत होता. चष्मा सरसावून त्या बघत राहिल्या, मग सोफ्यावरच्या आपल्या मुलाकडे वळल्या.

"बघ, लेकराला पाठीवर घेऊन पाण्यापर्यंत नेतोय. आणि तुला पोरीला स्विमिंगला ने म्हटलं, की मीटिंग असते."

नवऱ्यानं लॅपटॉप मिटला आणि गाडीची किल्ली घेतली.

त्या दिवशी स्विमिंगचा क्लास नव्हता. पण मी कशाला सांगू?