न्हाणीघरातली खिडकी

माझे सासरे चाळीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसले. निवृत्त झाल्यावर ते गप्प गप्प राहू लागले, ताटावरून अर्धवट उठू लागले. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास कोमट पाण्यात बसवा, मन हलकं होईल. आम्ही टब बसवला. न्हाणीघराची छोटी खिडकी नेमकी टबाच्या डोक्याशी आली, आणि ती उघडते जिन्यात.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी जिन्यातून सहज विचारलं, "आज पाणी का नाही आलं हो?"

आतून आवाज आला, "लेखी द्या."

झालं. आठवड्याभरात जिन्यात रांग लागली. कुणाचा नळ गळत होता, कुणाचा जावई बोलत नव्हता. सासरे गळ्यापर्यंत पाण्यात बसून प्रत्येक अर्जावर शिक्का मारत. काम एकाचंही होत नसे. शाई पाण्यात उतरायची आणि सासरे जांभळे होऊन जेवायला बसायचे, पण चार पोळ्या जास्त खायचे. अर्ध्या तासाचे चार तास झाले. मी आंघोळीला माहेरी जाऊ लागले. माझी तक्रार कोण घेणार?

शेवटी सासूबाईंनीच रांगेत उभं राहून अर्ज दिला: नवरा दिवसभर पाण्यात असतो, घरात लक्ष देत नाही.

सासऱ्यांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला, शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाले, "संबंधित माणूस जागेवर नाही. उद्या या."

दुसऱ्या दिवशी सासूबाई केस विंचरून सगळ्यांच्या आधी रांगेत. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. त्यांचं म्हणणं नवऱ्याने पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं होतं.