भिंतीवरच्या फुल्या

अमरावतीत मला हात दिला तो आबाजींनी. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात हेच विसरल्यासारखा मी वागलो.

आबाजी म्हणजे कापूसबाजारातले पारखी. त्यांचं खरं नाव मला कधी कळलं नाही. गाडी आली की बोजात कोपरापर्यंत हात घालायचे, आतला पुंजका काढायचे, कानाशी नेऊन दोन्ही अंगठ्यांनी हळूच तोडायचे आणि तुटण्याचा आवाज ऐकायचे. कापूस पाणी मारून जड केलेला असला की लगेच ओळखायचे. गाडीवान शपथा घेऊ लागला की हसून म्हणायचे, "हाताले इचार बाप्पा, तोंडाले नोको."

तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा मान. त्या गर्दीत मी राजापुराकडून आलेलो. शाळा तिसऱ्या पुस्तकावर सुटलेली, ओळखीचं कुणी नाही. माझ्या बोलण्याला बाजार हसायचा. आबाजींनी मला ओसरीत जागा दिली आणि शेटजींच्या दुकानी आपल्या शेजारी बसवलं. त्यांची बायको, जिला सगळे माय म्हणत, मला भाकर वाढताना म्हणायची, "खाय रे कोकन्या, लाजून पोट भरत नाई."

उपकार वाढत गेले तसा माझा हेवाही वाढत गेला, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण ज्याच्या शेजारी रोज बसायचं, त्याचा हात आपल्याला का नाही, हा किडा एकदा शिरला की निघत नाही. दोन वर्षं मी पुंजके तोडले. मला काही ऐकू आलं नाही. त्यांची पारख्याची गादी मात्र दिवसभर डोळ्यांपुढं असायची.

संक्रांतीनंतर एका सकाळी गाडीवरचा बोजा सुटून आबाजींच्या अंगावर आला. कापूस मऊ, पण ते मागं पडले आणि डोकं दगडी ओट्याच्या कडेवर आपटलं. मी धावलो. खरंच धावलो. गादीचा विचार दुसऱ्या दिवशी आला.

तीन दिवसांनी त्यांनी डोळे उघडले. हातपाय चालत होते, माणसं ओळखत होते, पण तोंडातून एकच शब्द निघे, "सरकी." पाणी हवं, सरकी. ऊन टोचतं, सरकी. बाजाराचा गलका सहन होईना. मधेच रडत, मधेच चिडत. नवल असं की माय सकाळी अभंग म्हणू लागली की तेही सूर धरायचे आणि अख्खा अभंग न चुकता म्हणायचे. संपला की पुन्हा सरकी.

शेटजी म्हणाले, "होळीपर्यंत वाट बघतो. नाई तर गादी तुझीच."

मग मी एक युक्ती काढली. एका टोपलीत पाच वस्तू ठेवल्या, लोटा, फणी, विळा, पणती, वहाण. रोज एकेक पुढं धरून नाव विचारायचं. चुकलं की भिंतीवर कोळशाची फुली, बरोबर आलं की उभी रेघ. होळीला शेटजींना ती भिंत दाखवायची, म्हणजे मला काही बोलावंच लागणार नाही. टोपलीत सरकी मुद्दाम ठेवली नाही. तिथं ते चुकले नसते.

पहिले काही दिवस फुल्याच फुल्या. मग एक दिवस लोटा हातात घेऊन, गोल गोल फिरवत ते म्हणाले, "लो... लो... लोटा." माय रडली. मी रेघ मारली आणि, हसू नका, मला त्या लोट्याचाही हेवा वाटला.

हळूहळू माझ्या ध्यानात येऊ लागलं. वस्तू दुरून दाखवली तर अडतात, हातात दिली तर नाव लवकर येतं. सकाळी येतं, दुपारी दमल्यावर येत नाही. घाई केली की आलेलंही पळतं. पहिलं अक्षर मी उच्चारलं की उरलेलं ते ओढून आणतात. भिंतीवर रेघा वाढत चालल्या. त्यांना नापास करायला काढलेली परीक्षा त्यांना शिकवत होती.

तीन नावं पक्की झाली त्या सकाळी मी त्या तिन्ही वस्तू लपवून नव्या ठेवल्या. आबाजी टोपलीत हात घालून लोटा शोधत राहिले. सापडेना तसे लहान मुलासारखे रडू लागले.

माय म्हणाली, "काऊन लपोला रे लोटा? त्यायचं तेवढंच तर हाती आलं होतं."

"घासायला नेला होता," मी म्हणालो. आणि लोटा परत ठेवला. त्यानंतर पुन्हा असं केलं नाही. गादी हवीच होती, पण उद्या कुठला शब्द येतो याचीही ओढ लागली होती.

एकदा सहज मायकडे बोट करून मी विचारलं, "हे कोण?" आबाजींनी तिचं नाव घेतलं. स्पष्ट. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं, एवढंच ते विसरले होते. मायनं पदर तोंडाशी नेला. "या बया! चाळीस वर्सांत घेतलं नाई, अन् आता कोकन्यापुढं!" पण त्या दिवशी ती तीनदा त्यांच्यापुढून उगाच गेली.

होळीला शेटजी आले. त्यांनी आणलेला पुंजका कानाशी तोडून आबाजींनी नकाराची मान हलवली, म्हणजे ओला. पिळला तर खरंच ओला. मग शेटजींनी भिंत पाहिली. खाली फुल्या, वर रेघा.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी खाली बघून टोपलीतल्या वस्तू नीट लावू लागलो. आबाजींनीच माझा हात धरला, ओठ जुळवले, घाम फुटेपर्यंत शोधलं आणि म्हणाले, "मास्तर. माहा मास्तर."

तिसऱ्या पुस्तकावर शाळा सुटलेल्या मला.

गादी त्यांचीच राहिली. मी शेजारी बसून, ते मान हलवतील तसं गाडीवानांशी बोलत असे. जळफळाट गेला असं म्हणणार नाही. कमी झाला.

लढाई संपली, भाव कोसळले, आबाजी मायला घेऊन वलगावला लेकीकडे गेले. त्यांच्या शेजारी राहून माझाही हात थोडा तयार झाला होता; पारख्याची गादी शेवटी मला मिळाली, तीही अकोल्यात, दुसऱ्याच दुकानी. परवा वलगावचा एक गाडीवान भेटला. म्हणाला, "बुढा बरा हाय. समद्यायले सांगते, मले एका मास्तरनं बोलतं केलं."

आबाजी, हंगाम संपला की मी वलगावला येणार आहे. ती भिंत कशासाठी होती ते तुमच्यापुढं बसून सांगणार आहे. तुमचं एवढं देणं मी फेडीनच. तुम्ही म्हणाल, हाताले इचार. पण हे मला तोंडानंच सांगावं लागेल. अडखळलो तर पहिलं अक्षर तुम्ही द्या.