चालता चालता म्हटलेलं गाणं

उडीवाल्यांना सिनेमात घेतलं ते त्यांच्या पायांसाठी. त्याआधी ते एका शाळेत कवायत शिकवत. सिनेमे तेव्हा मुके होते, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. गच्चीवरून गवताच्या गाडीत उडी टाकायची, धावत्या घोड्यावर चढायचं, भिंत ओलांडून पसार व्हायचं. लोक त्यांना उडीवाले म्हणू लागले आणि पुढे घरचेही तेच म्हणू लागले.

मग सिनेमा बोलायला लागला. उडीवाल्यांचा गळा गोड निघाला, ही देवाची कृपाच. त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी जणांचा आवाज फुटक्या डब्यासारखा वाजला आणि ते घरी बसले. पण गळ्याचं नशीब उघडलं तसे पाय बांधले गेले. आवाज पकडणारा माइक त्या काळी जागचा हलत नसे. तो फुलदाणीत लपवायचा आणि नटानं तिच्याशेजारी उभं राहून बोलायचं. गाणंही तिथेच, वाजवणारे पडद्यामागे. पाऊलभर सरकलं की आवाज गेलाच. जंगलाचा प्रसंग असला तर फुलदाणीच्या जागी झाडाचं खोड, एवढाच काय तो फरक.

नाव खूप झालं. पण संध्याकाळी उडीवाले दोन दोन पायऱ्या गाळत जिना चढायचे, तेव्हा बायको आतूनच विचारायची, "आजही उभंच केलं वाटतं?"

"अगं, नायिका रुसून निघून जाते आणि मी तिच्यामागे जातच नाही. बघणाऱ्याला वाटत असेल, हा फुलांच्याच प्रेमात पडलाय."

"मग सांगा की मालकांना. देवानं पाय काय नुसते उभं राहायला दिलेत?"

त्यांनी सांगितलं. स्टुडिओचे मालक तापट, पण शब्दाचे पक्के. "चालायची हौस असेल तर बागेत जा," ते म्हणाले. शब्दानं शब्द वाढत गेला. शेवटी मालक टेबलावर हात आपटून म्हणाले, "तुझा करार अजून पुष्कळ बाकी आहे. एका चित्रपटापुरता सोडतो, तो तुझा तू काढ. त्यातलं एक अख्खं गाणं चालता चालता म्हणायचं, मध्ये न तोडता, माझ्यासमोर. जमलं तर तू मोकळा. नाही जमलं तर परत यायचं, मी सांगेन तिथे उभं राहायचं आणि पुन्हा पायांचं नाव काढायचं नाही."

उडीवाल्यांनी हातावर हात मारला आणि ते निर्माते झाले. घरी पोचले तेव्हा चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

बंद पडलेला एक दोरखंडाचा कारखाना त्यांनी भाड्यानं घेतला. दोर वळायला लांब जागा लागते, त्यामुळे पत्र्याची ती शेड अरुंद आणि फलाटासारखी लांबच लांब होती. आवाज मुद्रित करणारे कानवालेही मालकांना सोडून त्यांच्याबरोबर आले. माइक हलवून बघायची खाज त्यांनाही होतीच.

वाजवणाऱ्यांना एका बुटक्या ढकलगाडीवर बसवलं आणि चाकांना गोधडीच्या चिंध्या गुंडाळल्या. ते जमलं. अडलं माइकपाशी. आधी तो नायिकेच्या कडेवरच्या घागरीत ठेवला. कानवाल्यांनी कानाचे फोन काढले.

"बाई विहिरीत पडून गातायत असं वाटतंय."

"मग दोर सोडा की, वर येते," नायिका म्हणाली.

वेताच्या टोपलीत ठेवला, तर पावलागणिक करकर. "नव्या चपला कोणी घातल्यात?" कानवाले ओरडले. दिवसामागून दिवस गेले. एका दुपारी सगळे डबे उघडून बसले, तेव्हा उडीवाले न जेवताच जमिनीवर उताणे पडले. डोक्यावर, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक तार ताणलेली होती आणि तिच्यावर गंजलेली कप्पी. वळलेला दोर पुढे ओढून न्यायला कामगार ती वापरत. उडीवाले ताडकन उठले.

"अहो, भाकरी तरी खा," डबा घेऊन आलेली बायको म्हणाली. पण ते तोवर शिडीवर चढलेसुद्धा होते.

कप्पीला तेल पाजलं आणि तिच्याखाली माइक टांगला. आता तो गाणाऱ्यांच्या डोक्यावरून सरकणार होता. ओढायला एक कामगार धरला, तर तो कधी मागे राही, कधी पुढे पळे. बायकोनं त्याच्या हातातून दोर घेतला.

"द्या इकडे. लग्न झाल्यापासून ह्यांच्या चालीनं चालतेय मी. कधी सुसाट सुटतात आणि कधी विचार करत थबकतात, ते मला पाठ आहे."

मालकांना सकाळी लवकर बोलावलं, कारण ऊन चढलं की पत्रा कडकडायचा. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून कॅमेरावाला दूरच्या टोकाला आपल्या काचेच्या खोलीत जाऊन बसला. कानवाल्यांनी कानाच्या फोनचा दुसरा जोड मालकांच्या हातात दिला. बायकोनं बाजूला जाऊन डोळे मिटले, हात जोडले, पदर तळहातांना गुंडाळला आणि दोर धरला.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं बेतानं गेलं. दुसऱ्या कडव्याला उडीवाल्यांच्या पायांत कुठून काय आलं कोण जाणे, चाल वाढली. तबलजीनं एकदा वर पाहिलं आणि लय वाढवली. गाडी ढकलणारे अनवाणी पळू लागले. नायिकेनं निऱ्या उचलल्या, पण सूर सोडला नाही. बायको दोर ओढत धावत होती आणि माइक त्यांच्या डोक्यावरून तरंगत चालला होता. शेडच्या टोकाशी पाणी वाहून जायची चर होती. तालमीत ती जपून ओलांडायची असं ठरलं होतं. उडीवाल्यांनी ती उडी मारूनच पार केली. शेवटचा सूर त्यांनी हवेत धरला आणि पाय जमिनीला लागल्यावर सोडला.

तबलजीनं आपला हात तबल्यावर तसाच दाबून धरला होता.

मालकांनी फोन कानावरून काढले. पुन्हा लावले. पुन्हा काढले.

"पावलं ऐकू आली," ते म्हणाले. "दोघांची वेगवेगळी. आणि उडीत सूर हलला नाही रे तुझा." मग घसा खाकरून म्हणाले, "करार फाडला म्हणून समज. पण तो दोर ओढणारा माणूस मला देऊन टाक."

बायको तळहातांवर फुंकर घालत पुढे आली. "मला दुसरा हिरो झेपायचा नाही, मालक."

मालक मोठ्यांदा हसले. उडीवाल्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कानवाल्यांचा हात धरून वरच्या तारेकडे बघत विचारत होते, "आणि पळत म्हटलं तर?"